अर्भकाची रक्तशर्करा : कारणाचा शोध आणि गावाची नोंद

(हिंगोली जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वैद्यकशास्त्रातील आहे आणि बोलणारा वैद्य नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. कला शाखेची पदवी घेऊन माहिती खात्यात रुजू झालेला, वयाची चाळिशी ओलांडलेला मी एक अधिकारी आहे. शासनाच्या योजना लोकांना समजतील अशा भाषेत सांगणे हे माझे काम. परंतु नवजात बालकाच्या रक्तातील साखर हा विषय माझ्याकडे आला तो घरातील एका प्रसंगातून.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यात एक मुलगी जन्मली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. पहिले बाळंतपण, त्यामुळे आईला दूध नीट उतरण्यास वेळ लागला. तिसऱ्या दिवशी बाळ फारसे रडेना, अंगावर घेतले तरी ओढीना, झोपून राही. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणाली, "मोठं शांत लेकरू आहे." त्याच रात्री बाळाला आकडी आली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील साखर अतिशय कमी झालेली होती. शिरेतून साखर दिली गेली, बाळ वाचले. पुढे मोठ्या शहरातील बालरोगतज्ज्ञांनी आम्हांला पाच प्रश्न विचारले. आकडी येण्यापूर्वी शेवटचे दूध किती वाजता घेतले होते? साखर देण्याआधी रक्तातील आकडा किती होता? त्याच वेळचे रक्त आणि लघवी तपासली काय? आईला गरोदरपणी मधुमेह होता काय? या घरात यापूर्वी एखादे मूल तान्हेपणी गेले आहे काय? पाचांपैकी चार प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते.

ती मुलगी आज शाळेत जाते. आकडीवरची गोळी रोज घ्यावी लागते आणि फळ्यावरची अक्षरे तिला धड दिसत नाहीत. तिचे डोळे निर्दोष आहेत. पाहण्याचे काम करणारा मेंदूचा मागील भाग त्या रात्री दुखावला गेला. साखर का उतरली, हे आजही निश्चितपणे कोणी सांगू शकत नाही. उपचार करणाऱ्यांनी प्राण वाचवले. कारण शोधण्यासाठी लागणारी माहिती मात्र कोणी टिपली नव्हती. त्यात आम्ही शिकलेली घरची माणसेही आलो. म्हणून आज मी आपणांपुढे उभा आहे.

नाळ कापल्यानंतरचे तास

आईच्या उदरात असताना गर्भाला वारेतून साखरेचा अखंड पुरवठा होत असतो. नाळ कापली की तो त्या क्षणी थांबतो. पहिल्या एक-दोन तासांत निरोगी बाळाच्याही रक्तातील साखर काहीशी खाली येते आणि नंतर सावरते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली शर्करा बाहेर येऊ लागते, चरबीपासून कीटोन नावाचे पर्यायी इंधन तयार होते आणि तोवर आईचे चिकाचे दूध मिळू लागते. या तीन आधारांवर बाळ नव्या जगात तग धरते.

बाळाच्या शरीराला दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे ४ ते ६ मिलिग्रॅम साखर लागते. अडीच किलोच्या बाळाचा हिशेब केला तर दिवसाला १८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे जेमतेम चार चमचे. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु यातील फार मोठा वाटा मेंदू घेतो आणि मेंदूपाशी स्वतःचा म्हणावा असा साठा नसतो. पुरवठा खंडित झाला व कीटोनही मिळाले नाहीत, तर मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते.

१०० मिलिलिटर रक्तात साखर ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली तर नवजात बाळात ती कमी मानून सर्वसाधारणपणे उपाय सुरू करतात. कमी झाल्याची लक्षणे फसवी असतात. हातापायांची थरथर, क्षीण रडणे, दूध न ओढणे, अंग थंड वा निळसर पडणे, श्वास मध्येच थांबणे, सुस्ती आणि अखेर आकडी, अशी ती असतात. हीच लक्षणे जंतुसंसर्गातही दिसतात. आणि कित्येक बाळांत साखर उतरूनही बाहेर काहीच दिसत नाही. यास्तव ज्यांना धोका अधिक, त्यांची साखर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन मोजणे हाच खात्रीचा मार्ग होय.

हे प्रकरण किती गंभीर आहे, याचा दाखला आपल्याच राज्यात मिळतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. व्रजेश उदानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्मारामागे नवजात अवस्थेत रक्तशर्करा उतरून झालेली मेंदूची इजा हे वारंवार आढळणारे कारण असल्याचे दिसून आले. कमी वजन आणि पहिल्या दिवसांत पोटात दूध नीट न जाणे या गोष्टी त्यामागे असतात. या दोन्ही गोष्टी घरात, डोळ्यांसमोर घडतात, हे आपण ध्यानात घ्यावे.

बहुतेक बाळांतील कारणे

रक्तशर्करा कमी होणे हे एक लक्षण आहे. ताप आला म्हणजे जसे तापाचे कारण शोधावे लागते, तसेच येथेही. बहुसंख्य बाळांत कारण साधे असते व पहिल्या दोन-तीन दिवसांत दूर होते.

पहिले कारण साठा अपुरा असणे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा पोटात वाढ खुंटलेल्या बाळाच्या यकृतात ग्लायकोजेन कमी असते आणि अंगावर चरबीही कमी असते. दुसरे कारण खर्च वाढणे. बाळ उघडे पडले व थंडावले की शरीर तापवण्यासाठी साखर जळते. जंतुसंसर्ग झाला किंवा जन्मताना गुदमरले तरी तेच घडते. तिसरे कारण आईचा मधुमेह. आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. ती साखर जिरवण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्शुलिन निर्माण करू लागते. नाळ कापल्यावर आईची साखर थांबते; बाळाचे वाढलेले इन्शुलिन मात्र काही काळ तसेच राहते आणि रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. रक्तदाबासाठी आईला दिलेल्या काही औषधांमुळेही बाळाची साखर उतरू शकते. चौथे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुःखद, ते म्हणजे वेळेवर दूध न मिळणे.

आईच्या मधुमेहाविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. मधुमेही आईचे बाळ थोराड असते, म्हणून किरकोळ बाळ दिसले की आईची साखर ठीकच असेल असे लोक गृहीत धरतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. परंतु आपल्या या हडकुळ्या बाळांच्या अंगातील चरबी मात्र वजनाच्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे वजनकाटा सर्व कथा सांगत नाही. आईची तपासणी झाली की नाही, हे कार्डावरच पाहिले पाहिजे. ही तपासणी अगदी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातील साखर मोजतात. ती १४० किंवा त्याहून अधिक भरली तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. गरोदरपणात ही तपासणी दोनदा व्हावी असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

साखर पुन्हा पुन्हा उतरते तेव्हा

काही थोड्या बाळांत दूध दिले, ऊब दिली, शिरेतून साखर दिली, तरी तीन-चार दिवसांनंतरही साखर टिकत नाही. येथे खरा शोध सुरू होतो. तज्ज्ञ हा शोध कसा घेतात ते मी समजून घेतले, आणि तो पोलीस तपासासारखा साक्षीपुराव्यावर चालतो हे पाहून चकित झालो.

पहिली साक्ष वेळेची. दूध पाजल्यावर किती तासांनी साखर उतरली? पाजून थोडाच वेळ झाला असता किंवा वेळेचा काही धरबंध न राहता उतरत असेल तर संशय इन्शुलिनच्या अतिरेकावर जातो. दर तीन-चार तासांनी उतरत असेल व पोट यकृतामुळे फुगलेले असेल, तर यकृतातील ग्लायकोजेन बाहेर काढणाऱ्या यंत्रणेत दोष असू शकतो. रात्रभराच्या उपाशीपणानंतर उतरत असेल तर चरबीपासून इंधन बनवण्यातील दोष किंवा संप्रेरकांची उणीव पाहतात.

दुसरी साक्ष कीटोनची. साखर कमी असताना शरीराने कीटोन तयार केले आहेत काय? इन्शुलिन जादा असेल तर ते चरबी वितळू देत नाही, म्हणून कीटोन आढळत नाहीत. चरबी जाळण्याच्या क्रियेत जन्मजात दोष असेल तरीही आढळत नाहीत. अशा बाळांचा मेंदू दोन्ही इंधनांना मुकतो, म्हणून ही दोन कारणे अधिक घातक समजली जातात.

तिसरी साक्ष साखरेच्या गरजेची. रक्तातील पातळी राखण्यासाठी दर किलोमागे मिनिटाला ८ ते १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक साखर शिरेतून द्यावी लागत असेल, तर ती कोठेतरी वेगाने खर्च होत आहे, म्हणजे इन्शुलिन जादा आहे असा तर्क करतात.

चौथी साक्ष बाळाच्या अंगाची. लांबलेली कावीळ आणि मुलाचे जननेंद्रिय अतिशय लहान असणे हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीच्या दोषाचे सूचक असते. मुलीचे जननेंद्रिय मुलासारखे दिसणे, वारंवार उलट्या व कोरडे पडणे हे मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथीच्या विकाराकडे बोट दाखवते.

कारण सापडले की उपाय बदलतो, म्हणून हा सारा खटाटोप. इन्शुलिन जादा असेल तर डायझॉक्साइड नावाचे औषध बऱ्याच बाळांना लागू पडते. ॲड्रिनल ग्रंथी दुबळी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते. ग्लायकोजेन साठून राहण्याच्या विकारात थोडे मोठे झालेल्या मुलांना ठरावीक अंतराने मक्याचे कच्चे पिष्ट पाण्यात कालवून देतात. ते हळूहळू पचते व तासन्‌तास साखर पुरवते. हा उपाय १९८४ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला.

खालच्या आकड्याचा पुरावा

वर सांगितलेल्या रक्ततपासण्या साखर कमी असतानाच कराव्या लागतात. इन्शुलिन, कॉर्टिसोल, वाढीचे संप्रेरक, कीटोन, लॅक्टेट, अमोनिया यांचे त्या क्षणीचे प्रमाण कारण सांगते. शिरेतून साखर गेली की काही मिनिटांत पुरावा नाहीसा होतो. म्हणून जेथे सोय असेल तेथे साखर देण्यापूर्वी थोडे रक्त बाजूला काढून घेतात आणि त्यानंतरची पहिली लघवी राखून ठेवतात. मात्र रक्त मिळत नाही म्हणून साखर देण्यास क्षणाचाही विलंब करावयाचा नाही. कारण पुन्हा शोधता येईल; गेलेला मेंदू परत मिळत नाही.

आणखी एक बारकावा. बोटाएवढ्या यंत्रावर मोजलेला खालचा आकडा नेहमी अचूक नसतो, म्हणून प्रयोगशाळेत खात्री करतात. तो नमुना तसाच तासभर ठेवला तर नळीतील रक्तपेशी साखर वापरत राहतात व आकडा खोटा कमी येतो. त्यासाठी वेगळी औषधयुक्त नळी वापरतात.

अर्भक मोठे होताना

पहिला महिना उलटल्यावर कारणे काहीशी बदलतात. जुलाब-उलट्या, तीव्र संसर्ग व तीव्र कुपोषण यांत साखर उतरते. तीव्र कुपोषित बालकात ५४ मिलिग्रॅमखालील आकडा कमी समजतात आणि त्याला रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी आहार देतात.

येथे बाळाला काय चाटवले, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. फळे, मध, ऊस यांतील फ्रुक्टोज नावाची शर्करा काही थोड्या बाळांना जन्मतः पचत नाही. आईच्या दुधावर असेपर्यंत बाळ ठणठणीत असते. मध, गुळाचे पाणी किंवा साखर घातलेली गुटी सुरू झाली की उलट्या, कावीळ व रक्तशर्करेची घसरण सुरू होते. गोड दिले असता रक्तातील साखर उतरावी, हे ऐकणाऱ्यास उफराटे वाटते. म्हणून ते कोणी सांगत नाही आणि वैद्याने नेमके विचारले नाही तर निदान हुकते. गॅलॅक्टोसेमिया या दुसऱ्या विकारात हाच प्रकार दुधातील शर्करेमुळे पहिल्या आठवड्यातच दिसतो. हे विकार विरळ आहेत. परंतु पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, या उपदेशाला येथे आणखी एक आधार मिळतो.

मुले थोडी मोठी असली तरी मुझफ्फरपूरची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. बिहारमधील या जिल्ह्यात उन्हाळ्यात मुले पहाटे आकडी येऊन बेशुद्ध होत व दगावत. अनेक वर्षे तो मेंदूज्वर समजला गेला. २०१४ च्या तपासात, जो २०१७ मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, लिचीतील विषारी द्रव्य आणि आदल्या रात्री जेवण न होणे यांचा संबंध उघड झाला. मुलांची रक्तशर्करा उतरत होती. रात्री मूल जेवले होते काय, हा साधा प्रश्न प्रत्येक घरी विचारला गेला आणि उत्तरे एकत्र मांडली गेली, तेव्हा वाट सापडली.

आपल्या जिल्ह्यातील अडचण

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा. वाड्या-तांडे विखुरलेले. शासनाच्या सोयी आज उपलब्ध आहेत. जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ मध्ये हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०२ व १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजात बालकाचा उपचार व वाहतूक मोफत आहे. पुढे ही सवलत एक वर्षापर्यंतच्या अर्भकासही लागू झाली. दुर्मीळ विकारांसाठी मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे राष्ट्रीय धोरणान्वये मान्य केंद्र आहे.

अडचण आहे ती माहितीच्या प्रवासाची. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. वजन, आईची तपासणी, पहिल्या दिवसांची हकीकत, सारे माहेरच्या आशाताईंच्या वहीत राहते. सव्वा महिन्याने लेक बाळ घेऊन सासरी जाते आणि कागद ट्रंकेत राहतो. कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. बाळ फडावर आजारी पडते आणि कार्ड गावी कोनाड्यात असते. रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्जचा कागद पावसात भिजतो किंवा चुलीपुढे जातो. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. जवळच्या नात्यातील विवाहात वर सांगितलेल्या जन्मजात विकारांचा संभव वाढतो. तरीही "आधीचं एक लेकरू असंच गेलं" हे वाक्य डॉक्टरांपुढे कोणी उच्चारत नाही. त्यात दुःख असते आणि सुनेवर बोल येण्याची भीतीही असते.

गावाने करावयाचे काम

नोंदीचे सामर्थ्य गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाचे वजन, तापमान, दूध पिणे यांच्या नोंदी व घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये हीच रीत देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई आज तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येतात त्या याच कार्यक्रमाखाली.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत एक प्रश्न दर महिन्याला विचारावा. या महिन्यात गावात जन्मलेल्या किंवा माहेराहून आलेल्या कोणत्या बाळांचे जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी होते, आणि त्यांच्या घरी भेटी झाल्या काय? ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे माता व बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत गेले की नाही, हेही पाहावे.

शिक्षकांना विनंती अशी की, गावात लिहू-वाचू शकणारी विश्वासाची व्यक्ती आपण आहात. आजारी बाळ घेऊन जाणाऱ्या कुटुंबास कागदावर सहा ओळी लिहून द्याव्यात. जन्मवजन व किती महिन्यांचे बाळंतपण. शेवटचे दूध किती वाजता. दुधाखेरीज काय चाटवले. आईचा मधुमेह, रक्तदाब व औषधे. आई-वडिलांचे आपसातील नाते. आधी एखादे मूल तान्हेपणी गेले काय. परत येताना डॉक्टरांकडून साखरेचा पहिला आकडा, तो कोणत्या वेळी घेतला हे लिहून घेण्यास सांगावे. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

घरांसाठी सांगणे थोडके आहे. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळ अंगावर पाजावे, चिकाचे दूध टाकू नये, दिवसरात्र आठ ते बारा वेळा पाजावे. लहान बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून उबेत ठेवावे. बाळ दूध ओढत नसेल, गार पडले असेल, उठवूनही जागे होत नसेल, तर ते शांत आहे असे म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून निघावे. गिळता येत असेल तर आईचे दूध वाटी-चमच्याने देत राहावे. शुद्धीवर नसलेल्या बाळाच्या तोंडात काहीही ओतू नये.

बंधुभगिनींनो, त्या रात्री आमच्या घरी चार पदवीधर माणसे होती. भिंतीवर घड्याळ होते, टेबलावर पेन होता. बाळाने शेवटचे दूध केव्हा घेतले, एवढे एका ओळीत कोणी लिहिले असते तर तज्ज्ञांच्या हाती निदान एक धागा लागला असता. आपल्या गावातील पुढच्या बाळासाठी ती ओळ लिहिली जावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.